खडखडाटाची बडोदा वारी

चेनसॉ घेऊन रेल्वेने निघालेल्या माणसाकडे सहप्रवासी आदराने पाहतात आणि थोडे लांब सरकतात. पुण्याच्या मामांना खिडकी मिळाली ती अशी. पेट्रोल गाडीत न्यायला बंदी, म्हणून टाकी कोरडी केलेली आणि चेन काढून जुन्या धोतरात गुंडाळलेली. बडोद्याच्या दांडिया बाजारात भाच्याच्या अंगणात पावसाने कडुनिंब आडवा केला होता. भाड्याने माणूस बोलावता आला असता, पण कोकणातल्या बागेत उमेदीची वर्षं घालवलेलं यंत्र घरात असताना भाडं कशाला, हा मामांचा प्रश्न.

यंत्र सुरू झालं. खड-खड-खड.

पाच मिनिटांत निम्मा वाडा जमला. मराठी बडोदेकराला दोन भाषा येतात आणि मत दोन्हींत असतं. एक काका म्हणाले, प्लग गेलाय. दुसऱ्यांनी पेट्रोलवर संशय घेतला. वरच्या गॅलरीतून आजींनी ‘तेल घाला’ असा हुकूम सोडला. आता टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, बहुधा लिटरला वीस मिली. जुन्या यंत्रांना जास्तही लागतं. ते कमी पडलं तर इंजिन खडखडत बसत नाही, पिस्टन ओरबाडून घेऊन थेट अडकतं. पण आजींशी वाद कोण घालणार?

शेवटी मामा, भाचा आणि चेनसॉ रिक्षातून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाले. वाटेत भाच्याने कलाभवन दाखवलं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ही तंत्रशिक्षणाची संस्था. दादासाहेब फाळके इथेच शिकले. पुढे त्यांनी १९१३ साली मूकपट काढला. ‘आवाजाची कटकट नको म्हणूनच,’ मामा म्हणाले.

मकरपुऱ्याच्या मेकॅनिकने यंत्राकडे न बघताच विचारलं, “काका, क्यारे आवे छे?” म्हणजे, आवाज कधी येतो? मामांनी उत्तरादाखल खडखडाटाची हुबेहूब नक्कल केली. “अवाज नहि, टाइम कहो,” तो म्हणाला.

इथे खरी तपासणी सुरू झाली. त्याने बार आणि चेन काढली, झाकण परत लावलं आणि इंजिन चालवलं. आवाज तसाच, म्हणजे चेन निर्दोष. मग थ्रॉटल दिला. खडखड गायब! सोडला की पुन्हा हजर. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर झाकणाला टेकवून मूठ कानाला लावली, अगदी डॉक्टरी थाटात. (थाट अस्थानी नव्हता: दात असलेल्या साखळीची पहिली करवत अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी हाडं कापायला वापरली.) निदान झालं: क्लचच्या ड्रममधलं सुईचं बेअरिंग. इंजिन नुसतं फिरतं तेव्हा ड्रम थांबलेला आणि आतला दांडा फिरत असतो. सगळी झीज बेअरिंगवर वाजते. वेग वाढला की क्लच ड्रमला पकडतो, दोघे बरोबर फिरतात आणि बेअरिंग गप्प बसतं. यंत्र बंद करून ड्रम हाताने हलवला, तर तो सैल दातासारखा डुलला.

बेअरिंग बदलता बदलता त्याने बाकीचे आवाजही सांगून टाकले. चेन किंचाळते तेव्हा बारला तेल पोचत नाही. टोक लाकडाच्या फळीसमोर धरून इंजिन वाढवलं की फळीवर तेलाची रेघ उमटायला हवी. सायलेन्सरचा बोल्ट ढिला असला तर फटफट होते. पूर्ण वेगात, लाकडाबाहेर, भडभड करून कापायला लागताच सूर लागला, तर मिश्रणात पेट्रोल पुरेसं आहे, घाबरायचं कारण नाही. मात्र थ्रॉटल सोडूनही इंजिन चढत्या आवाजात ओरडत राहिलं, तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुधा सील गेलंय. तेव्हा कारण शोधत बसायचं नाही, आधी बंद करायचं.

कडुनिंब दुसऱ्या दिवशी कापून झाला. आजींनी तेल घातल्याचा गुण म्हणून श्रेय घेतलं.

ज्यांच्या घरी असं जुनं यंत्र असेल त्यांनी मेकॅनिककडे जाताना एवढं टिपून न्यावं: आवाज नुसतं फिरताना येतो, थ्रॉटल दिल्यावर येतो, की लाकडात शिरल्यावर. नक्कल करून दाखवली नाही तरी चालेल.