बिनपावसाचं पीक

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, ही माहिती आता जुनी झाली. चौथं पीक जोमात आहे, त्याचं नाव बुकिंग. त्याला पाऊस लागत नाही, सातबारा लागत नाही, बोंडअळी शिवत नाही आणि रानडुकरंही फिरकत नाहीत. लागतो फक्त मोबाईल आणि नातेवाइकांची आधार कार्डं.

पेरणीचा मुहूर्त मोटार कंपनी जाहीर करते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजता थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासाभरात १,७६,२१८ नोंदी झाल्या. भरायचे २१,००० रुपये, तेही परत मिळणारे. आमचे बुकिंगवाले भाऊ प्रगतिशील शेतकरी ठरतात ते इथेच. कापसाचं बियाणं उगवलं नाही तर दुकानदार म्हणतो, 'तुमची जमीनच हलकी.' भाऊंचं पीक बुडालं तर पेरलेलं बियाणं खात्यात परत जमा. असं वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठालाही काढता आलेलं नाही.

भाऊ भेटतात दारव्हा नाक्यावरच्या टपरीवर. समोर कटिंग, हातात दोन मोबाईल, खिशात लांबोडकी वही. वहीत एक गाडी स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक साळ्याच्या आणि एक सासूबाईंच्या. सासूबाई राहतात घाटंजीला. त्यांना सायकल येत नाही आणि आपल्या नावावर एवढी मोठी गाडी आहे, हे ठाऊकही नाही.

'गाडी पायजे का नंबर?' भाऊ विचारतात. 'गाडी पायजे असन त शोरूममंदी जा अन् वाट पाहा. नंबर पायजे असन त बसा.'

नंबरासाठी किमतीवर मोजायचे जास्तीचे पैसे म्हणजे 'ऑन'. रंगानुसार 'ऑन' वेगळा, काळ्याला सगळ्यात जास्त. एका गिऱ्हाइकानं पांढऱ्याची चौकशी केली, तर भाऊ म्हणाले, 'ते कमीत घेऊन जा. पांढऱ्याले आपल्या जिल्ह्यात भाव भेटतच नाई.'

ही कला भाऊंनीच शोधली असं म्हटलं, तर पूर्वजांवर अन्याय होईल. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजनाही सुरू झाली. एका रांगेत लोक घ्यायला उभे, दुसरीत द्यायला. किती स्कूटर बनवायच्या हे दिल्ली ठरवायची, म्हणून चेतकचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं जायची. राणा प्रतापाचा घोडा जन्मात एवढा थांबला नसेल. नंबर लागला की त्याच दिवशी वरचे पैसे घेऊन स्कूटर दुसऱ्याच्या दारात लावणारे हुशार तेव्हाही होते. वापरलेली स्कूटर नवीपेक्षा महाग, हा चमत्कार आपल्या देशानं पाहिला.

इकडे संकलन केंद्रापुढे कापसाच्या बंड्या दिवसेंदिवस उभ्या असायच्या. बैलांचा कडबा संपला की शेतकरी पडेल त्या भावात माल व्यापाऱ्याला देऊन घरची वाट धरायचा आणि व्यापारी तोच माल सरकारी भावानं केंद्रावर घालायचा. आता बंडीच्या जागी पिकअप आली, सीसीआयची खरेदी आली, पण दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कापूस विकण्याची विद्या शाबूत आहे. सासूबाईंच्या आधारवर गाडी उचलणारे भाऊ याच घराण्याचे.

यात उजळून निघतात ते 'ऑन' देणारे साहेब. गाडीचं पासिंग सासूबाईंच्या नावानं होतं, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. जास्तीचे पैसे मोजून नवीकोरी एमएच २९ दारात येते आणि कागदावर साहेब दुसरे मालक! उद्या विकायला काढली की गिऱ्हाईक आरसी बघून भाव पाडणार. पहिल्या मालकीणबाई घाटंजीत कापूस वेचत असणार.

इलाज अवघड नाही. ज्याच्या आधारवर बुकिंग, चावी त्याच्याच हाती आणि पहिलं वर्षभर नाव बदलणं बंद. एवढा एक नियम झाला तर भाऊंचं पीक एका रात्रीत करपेल. नियम होईपर्यंत मात्र 'ऑन' देऊ नका, थांबा. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची इतकी वर्षं वाट पाहिलेल्या जिल्ह्याला एका मोटारीसाठी चार महिने जड जाऊ नयेत.