लॉटरीवाल्यास अनावृत पत्र

रा. रा. लॉटरीवाले साहेब यांस,
स. न. वि. वि.

या आठवड्यात आपण माझं अकरा वेळा अभिनंदन केलंत. दहावी पास झालो तेव्हा घरच्यांनीही एवढं केलं नव्हतं. बक्षीस राहू द्या, मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या छापखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो आणि तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवायला मी नाना उपाय करून पाहिले.

आधी काळी यादी. ज्या आयपी पत्त्यावरून कचरा येतो, त्याला दार बंद. बराचसा माल दारातच अडतो, हे खरं. पण स्वस्त होस्टिंगमध्ये एका आयपीवर शंभर बिऱ्हाडं नांदतात. त्यात एक तुमचं निघालं की अख्ख्या चाळीचं पाणी तुटतं. तुम्ही रातोरात दुसरी खोली घेतलीत. आम्ही त्याच चाळीत राहिलो, आमची बिलं चार दिवस गिऱ्हाइकांपर्यंत पोचली नाहीत.

मग ग्रेलिस्टिंग. हे मला फार आवडलं, कारण ते सरकारी कचेरीत शिकून आल्यासारखं वाटतं. अनोळखी सर्व्हर आला की 451 क्रमांकाचं उत्तर द्यायचं: साहेब जागेवर नाहीत, नंतर या. खरा सर्व्हर निमूट परत येतो. घाईघाईने लाखभर मेल फेकणारी तुमची यंत्रं पुढच्या दाराकडे वळतात. काही महिने खरंच शांतता होती. पण ओटीपीही त्याच रांगेत उभे राहिले. मालकांनी चार वेळा मागवला. चारही एकदम आले, चारही शिळे. पुढे तर तुम्हीही परत यायला शिकलात.

तेव्हा शब्द मोजणारी गाळणी बसवली. पॉल ग्रॅहम यांनी 2002 साली मांडलेली ही युक्ती: आलेल्या चांगल्या-वाईट मेलवरून गाळणीनेच शिकायचं, कोणता शब्द किती संशयास्पद. ग्रॅहम यांना असं आढळलं की भडक लाल रंगाचा एचटीएमएल कोड अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा ठरतो. आता छापखान्याने काय करावं? लग्नपत्रिका लालच असणार. ‘अभिनंदन’ हा शब्द तर तुम्हीच बाटवून ठेवलाय. एका वधूपित्याने दुरुस्त्या करून पाठवलेलं प्रूफ स्पॅमच्या पेटीत सापडलं, तेव्हा अक्षता पडून आठवडा झाला होता.

शेवटी कागदपत्रं तपासायचं ठरवलं. एसपीएफ म्हणजे कोणते सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवतील याची जाहीर नोंद, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि दोन्हीकडे नापास झालेल्याचं काय करायचं ते सांगणारा डीमार्क. बँकेचं नाव लावून येणारे तोतये याने अडतात, म्हणून हे हवंच. तुमचेही कागद उघडून पाहिले. एकदम चोख! स्वतःचं डोमेन, बिनचूक सही. आम्हाला वीस वर्षं कागद पुरवणाऱ्या शेठकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांचे मेल परत गेले. फोनवर ते मला जे बोलले, ते कुठलीही गाळणी पुढे सोडणार नाही.

कायद्याचं म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये त्रासदायक आणि पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणारे ई-मेलही बसत होते. 2012 मध्ये ते लावलं गेलं पालघरच्या दोन मुलींना, फेसबुकवरच्या मजकुरावरून. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, बरंच झालं. ते जिवंत होतं तोवर तुम्ही एकदा तरी दचकलात का?

मला त्यातल्या त्यात जीमेलचा 2024 चा नियम पटतो. दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल धाडणाऱ्याला सही सक्तीची, जाहिरातीच्या मेलला एका टिचकीत ‘नको’ म्हणायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या आत. इथे कागदांबरोबर वागणूकही मोजली जाते. फक्त ती मोजायला डाकेचे ढीग लागतात. आमच्या खिडकीत दिवसाला दोनशे मेल येतात, त्यातले निम्मे तुमचे.

कळावे, लोभ कमी असावा ही विनंती.

आपला,
अकरा वेळचा विजेता

ता. क.: हे पत्र आधी तुमच्याच पत्त्यावर पाठवलं होतं. तुमच्या सर्व्हरने 451 दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाठवतो.