एक पट्टी खाली

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी सोपी गाणी निवडायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं, त्यांना सोपं गाणं नकोच असतं. 'सोपं' म्हटलं की चेहरे असे होतात, जणू आपण त्यांच्यापुढे दुधात पोळी कुस्करून ठेवली.

बंगळुरात बनशंकरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कन्नड राज्योत्सवाला कराओके ठेवायचं ठरलं आणि मुलींच्या गाण्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की लहानपणी मी गांधर्वच्या परीक्षा प्रवेशिकेपर्यंत दिल्या आहेत. पुण्यात इतक्या भांडवलावर मला कोणी सतरंज्या घालायलाही बोलावलं नसतं. बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये मात्र मी 'म्युझिक आँटी' आहे. एक नोव्हेंबरच्या या कार्यक्रमाची तयारी मी केली, हे बेळगावच्या मामांना फोनवर सांगितलेलं नाही. त्या तारखेला तिकडे वेगळं वातावरण असतं.

मुलींची यादी तयारच होती. सगळ्यात वर 'गोल्डन', ते कोरियन पॉपवाल्या कार्टून सिनेमातलं. गाणं सुरेख आहे, पण मूळ गाणं तिघी गायिकांनी मिळून गायलंय आणि आवाज जातो तो थेट वरच्या पांढरी सहापर्यंत. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीचा तो तार निषाद झाला. आपल्याकडे तार पंचम लागला तरी समोरचे 'वा' म्हणून मांड्या थोपटतात. त्याखाली 'लेट इट गो'. लहानपणापासून पाठ म्हणून सोपं, असा मुलींचा हिशोब. ते मंद्र पंचमाजवळ सुरू होऊन तार मध्यमापर्यंत चढतं. सहाव्या वर्षी पलंगावर उभं राहून, टॉवेलचा झगा पाठीवर सोडून ते म्हणता येतं, कारण तेव्हा कोणी सूर मोजत नाही.

शिवाय या वयात गळा भरवशाचा नसतो. मुलग्याचा आवाज फुटला की सगळ्या इमारतीला कळतं, तो जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मुलींचाही बदलतो, फक्त दोन-तीन सूर उतरतो आणि मधूनच त्यातून हवा निसटते, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या वर्षी सहज लागणारा सूर यंदा लागत नाही आणि का लागत नाही ते कोणी सांगत नाही. मुलगी समजते आपल्याला गाता येत नाही. आई समजते मोबाइलमुळे रियाझ गेला. मोबाइलच्या माथी यातलं बरंच उगाच मारलं जातं.

यावर उपाय म्हणजे पट्टी उतरवणं, आणि कराओकेचा जन्मच मुळात त्यातून झालाय. जपानात कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता. रात्रीच्या बारमध्ये हौशी गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि याला सोबत जाणं जमणार नव्हतं. मग त्याने त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशा सुरात नुसत्या साथीची टेप करून दिली. त्यातून १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारं यंत्र निघालं. त्याचं पेटंट काही इनोउएने घेतलं नाही. २००४ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. असं पारितोषिक दर वर्षी प्रत्येक अपार्टमेंटच्या प्रेक्षकांना द्यायला हरकत नाही.

तर एक पट्टी खाली करू या, असं मी सुचवलं. मुलींना ते अपमानास्पद वाटलं. 'मूळ स्केलमध्येच' हा त्यांचा बाणा. मी मग त्यांना न सांगता ट्रॅक दोन पट्ट्या उतरवला. 'आज आवाज मस्त लागतोय,' असं त्यांचं त्यांनाच वाटलं. मी गप्प.

पण सुरांचा प्रश्न तसा किरकोळच. खरी अडचण आहे मधल्या म्युझिकची. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत मुखडा झाला की व्हायोलिन उठतात, मग बासरी, मग सतार, मग पुन्हा व्हायोलिन. ऐकायला स्वर्ग. पण चौदा वर्षांच्या मुलीला हातात माइक घेऊन, दीडशे लोकांसमोर, ते सगळं संपेपर्यंत उभं राहायचं असतं. या अर्ध्या मिनिटात करायचं काय? हसावं तर कशाला, डोलावं तर किती? ओढणी आधीच तीनदा सारखी करून झालेली असते. मोठी माणसं या वेळात 'थँक्यू, थँक्यू' म्हणतात किंवा डोळे मिटून आपल्याला संगीत कळतं असं दाखवतात. या वयात ती सोय नसते. आमच्यातल्या एकीने सरावात पहिल्या अंतऱ्याआधी माइक टेबलावर ठेवला आणि ती सरळ पाणी प्यायला निघून गेली. मला ते अगदी पटलं. तेव्हापासून कोणतंही गाणं आलं की मी आधी घड्याळ लावून मधलं म्युझिक मोजते. दहा सेकंदांच्या वर गेलं की गाणं बाद, मग ते पंचमदांचं असो की खय्यामचं. इंग्रजी पॉप गाण्यांत ही पोकळी नसते. मुलींना ती का आवडतात याचं निम्मं कारण हेच असावं.

दुसरा गैरसमज, संथ म्हणजे सोपं. आजी लोकांनी मोठ्या प्रेमाने भावगीतं सुचवली. संथ गाण्यात श्वास पुरवावा लागतो, सूर धरून ठेवावा लागतो आणि थरथरला तर तो लपवायला मागे ढोलकी नसते. मी सुचवलेलं 'नाच रे मोरा' तर मतदानालाही आलं नाही. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज, १९५३ सालच्या 'देवबाप्पा'तलं गाणं, हे सगळं मी सांगून पाहिलं. 'मावशी, आम्ही नववीत आहोत,' एवढंच उत्तर. 'आताच बया का बावरलं' त्यांना हवं होतं, पण ते श्रेया घोषालने गायलंय आणि ते तिलाच शोभतं. लावणीचा विषय निघाला तसा एका आजोबांनी खोकून तो संपवला.

मराठी गाण्यांत इथे आणखी एक गंमत होते. बंगळुरात वाढलेल्या आमच्या मुली मराठी फर्डं बोलतात, पण देवनागरी वाचायला शिकल्या हिंदीच्या तासाला. पडद्यावर ओळ उजळत पुढे सरकते आणि या अजून जोडाक्षरात अडकलेल्या. म्हणून सगळी गाणी मी रोमन लिपीत लिहून काढली, तर ती मलाच वाचता येईनात. मात्र 'ळ' काय सुरेख लागतो त्यांचा! कन्नडची पुण्याई. पुण्यातली माझी भाची 'बाळ'चं 'बाल' करते, इकडे तो प्रश्न नाही.

शेवटी 'झिंगाट' वर आलं. येणारच होतं. 'सैराट' २०१६ चा, म्हणजे या मुली तेव्हा बालवाडीत. पण गाणं चार-पाच सुरांत फिरतं, निम्मं तर ओरडायचंच असतं, आणि श्वास सुटला तरी शेजारची ओळ पुढे नेते. इथे तर त्याचा दुहेरी उपयोग. 'सैराट'चा कन्नड अवतार, 'मनसु मल्लिगे', २०१७ मध्ये आला, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच आणि चालीही अजय-अतुलच्याच. त्यामुळे पहिलं कडवं मराठीत, दुसरं कन्नडमध्ये असा तोडगा निघाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अज्जींनी कन्नड उच्चार घोटून घेतले. राज्योत्सवाला झिंगाट कसं चालेल, अशी शंका कमिटीत निघाली होती. कन्नड कडवं ऐकल्यावर ती विरली.

कमिटीची एक अट मात्र होती, एक गाणं खास कन्नडचं हवं. अज्जींनी निसार अहमद यांचं 'नित्योत्सव' सुचवलं, म्हैसूर अनंतस्वामींच्या चालीचं. ते पुष्कळ गळ्यांनी एकत्र म्हणायलाच केलेलं वाटतं, कोणा एकीवर भार नाही. शाळेत ऐकून अर्ध्या मुलींना ते येतही होतं. याच अनंतस्वामींची चाल २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने कुवेंपूंच्या राज्यगीतासाठी नक्की केली आणि ते अडीच मिनिटांत संपवावं असंही ठरवून दिलं. हा नियम सगळ्याच हौशी गायकांना लावला तर सरकारचं कल्याण होईल.

एव्हाना मुलींना काय सोपं जातं ते मला कळायला लागलं होतं. आठ मुली आणि दोन माइक. माइक धरायचा तो सगळ्यात लाजरीने, कारण तिचा आवाज माइकशिवाय पोचत नाही आणि माइकमध्येही फारसा येत नाही. मग बाकीच्या मोकळ्या गळ्याने गातात. एकटीला मात्र कोणतंच गाणं सोपं नसतं. वाढदिवसाचंच घ्या. तिसऱ्या ओळीत ते एका उडीत सप्तकभर वर जातं, भल्याभल्यांचा गळा तिथे चिरकतो, आणि तरी आजवर कोणी लाजलेलं नाही, कारण घरभर माणसं एकदमच चिरकतात.

सरावाला बघ्यांची गर्दी जमली तेव्हा एक आजी म्हणाल्या, कनकपुरा रोडच्या देवळात राहूकाळात लिंबाचा दिवा लावून या, सूर लागेल. बनशंकरी अम्मांपुढे लोक लग्न, नोकरी, कोर्टकचेऱ्या अशी गाऱ्हाणी घेऊन लिंबाची फोड उलटी करून तेलवात लावतात. तार निषादासाठी कोणी लावला असेल का, कोण जाणे. आमची कुलदेवता बदामीची बनशंकरी, पण तिच्याकडे गळ्याचं खातं आहे असं आमच्या घरात कधी ऐकलं नाही.

कार्यक्रम ठीक झाला. 'नित्योत्सव' छान रंगलं, 'झिंगाट'ला वॉचमनसुद्धा नाचला, आणि 'गोल्डन' एका हट्टी मुलीने गायलंच, उतरवलेल्या पट्टीत. वरच्या जागेवर आवाज फाटला, तेव्हा बाकीच्या सातजणी खालून इतक्या जोरात ओरडल्या की फाटलेलं कोणाला ऐकूच आलं नाही.

मग माइक काकामंडळींकडे गेला. पहिल्याने कन्नड सिनेमा 'आकस्मिक'मधलं डॉ. राजकुमारांचं गाणं धरलं, दुसऱ्याने किशोरकुमारचं, तिसऱ्याने रफीचं, सगळी मूळ पट्टीत, सगळी सगळ्या कडव्यांसकट. मधल्या म्युझिकमध्ये तिघांनीही डोळे मिटले. पडद्यावरची ओळ केव्हाच पुढे निघून गेली होती, ते त्यांच्या गावी नव्हतं. बायका मुलांना हळूच जेवायला घेऊन गेल्या. माझ्या शेजारी बसलेली नववीतली पोरगी कानात म्हणाली, 'मावशी, यांची गाणी कोण निवडतं?'

त्यासाठी कमिटी नेमायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.