ठमाबाईंचं पथ्यपाणी

आमच्या घरात आजवर अंडं शिरलेलं नाही. वाढदिवसाचा केक आला की सासूबाई चष्मा लावून आधी खोक्यावरचा हिरवा ठिपका शोधतात, आणि तो सापडला नाही तर केक, मेणबत्त्या आणि उत्सवमूर्ती यांची रवानगी जिन्यात होते. अशा घरात लेकीने मांजर आणायचं ठरवलं. ऐन पावसात उबेसाठी कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरलेलं, तिथून काढून बरं केलेलं आणि आता घराच्या शोधात असलेलं.

ते सांभाळणाऱ्या ताईंनी आधी फॉर्म पाठवला. घर स्वतःचं की भाड्याचं, बदली झाली तर मांजर कुठे जाणार, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? आमच्या गृहकर्जाच्या वेळीसुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती. 'घरी मांसाहार चालतो का?' या रकान्यात लेकीने 'मांजराला चालेल' असं परस्पर लिहून टाकलं. मग ताई स्वतः घर बघायला आल्या. चहा नको म्हणाल्या, सरळ गॅलरीत गेल्या आणि ग्रिलमधून मूठ बाहेर काढून दाखवली. मांजराचं गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की बाकीचं मांजर मागोमाग जातं म्हणे. कबुतरांसाठी मी वर्षानुवर्षं जी जाळी मागत होते, ती मांजराने यायच्या आधीच बसवून घेतली.

मांजर आलं. पांढरं, अंगावर काळी आणि केशरी ठिगळं. असं तीनरंगी मांजर बहुतेक मादीच असतं. केशरी की काळं याचा निकाल एक्स गुणसूत्रावर लागतो, दोन्ही हवं तर दोन एक्स लागतात, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानाचा शेंडा सरळ कापलेला होता. "कान टोचताना सोनाराचा हात हलला की काय?" सासूबाईंनी विचारलं. ती नसबंदीची खूण आहे, पुन्हा कुणी पकडून नेऊन पोट उघडू नये म्हणून, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सुटली बिचारी." तिचं नाव क्लिओपात्रा आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ठमी म्हणू."

नव्या मांजराला एकदम सगळं घर द्यायचं नसतं, आधी एकच खोली. शांत, दार बंद होणारी, टीव्ही नसलेली अशी खोली आमच्याकडे एकच, सासूबाईंची. ठमी पिंजऱ्यातून सुटली ती थेट गोदरेजच्या कपाटामागे. ताईंनी फोनवर बजावलं, ओढून काढू नका. खोलीत बसून हळू आवाजात काहीतरी वाचत राहा, आवाजाची सवय होऊ द्या. आमच्या ह्यांनी पेपरातला अग्रलेख वाचला. ठमी आणखी आत सरकली. लेकीने अर्थशास्त्राचं पुस्तक वाचायला घेतलं आणि स्वतःच झोपली. सासूबाईंचं विष्णुसहस्रनाम तर रोजचंच. एका सुरात, कुणी ऐकतंय का याची पर्वा न करता. एका सकाळी शंभरेक नावं झाली असतील, तोच कपाटाखालून आधी मिशा आल्या, मग तो कापलेला कान. फलश्रुतीपर्यंत ठमाबाई पाटाशेजारी येऊन बसल्या होत्या. मी दारातून डोकावले तर पोथीवरची नजर न हलवता सासूबाई म्हणाल्या, "बघू नकोस तिच्याकडे. लाजेल."

शास्त्रही हेच सांगतं. रोखून बघणं ही मांजराच्या लेखी धमकी. डोळे सावकाश मिटून उघडले की मांजर जवळ यायला राजी होतं, असं इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली प्रयोग करून दाखवलं. ह्यांनी सराव इतका मनावर घेतला की लिफ्टमध्ये समोरच्या काकूंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

सासूबाईंनी खूश होऊन चांदीच्या वाटीत दूध ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या दुधाचे परिणाम घरभर दिसले. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, डॉक्टर म्हणाले.

"मग इतकी वर्षं मांजर डोळे मिटून काय पीत होतं?"

डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं. पण त्यांचं पुढचं वाक्य त्याहून जड होतं. वरणभात, पोळी, तूप यावर मांजर जगत नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसामाशांत असतं. माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं. मांजराला पुरेसं बनवता येत नाही. ते मिळालं नाही तर नजर जाते, हृदय ढेपाळतं. हृदयाची ही भानगड 1987 साली उघड झाली, तेव्हापासून तयार खाण्यात ते वाढवून घालतात.

रिक्षात सासूबाई गप्प. घरी आल्यावर चपला काढता काढता निवाडा आला: "औषधाला सोवळंओवळं नसतं."

दुसऱ्या दिवशी ठमीच्या खाण्याचा डबा औषधांच्या कप्प्यात गेला, रक्तदाबाच्या गोळ्यांना खेटून. वर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'टॉरिन'. "आणि चतुर्थीला?" मी विचारलं. "तू चतुर्थीला थायरॉइडची गोळी चुकवतेस का?" पुढे कामाच्या मावशी अधूनमधून घरून उकडलेली सुरमई आणू लागल्या, बिनमिठाची. सासूबाई गॅलरीत नाकाला पदर लावून शेजारी उभ्या राहतात आणि पदरातूनच ओरडतात, "काटा बघ नीट!" त्यांचा एकच आक्षेप उरला, तो ठमीच्या शौचाच्या ट्रेमधल्या मातीला. ती बेंटोनाइट माती कच्छकडची. "कच्छला गेले तेव्हा शाल महाग म्हणून सोडून आले, आणि आता तिथली माती विकत आणताय!"

दिवाळीत नणंदबाई आणि त्यांचे यजमान आले. जावई मूळचे मालवणचे. लग्न झाल्यापासून सासुरवाडीला आले की रवा लावून तळलेले वांग्याचे काप ते डोळे मिटून, आठवणीच्या बळावर खातात. यंदा पान वाढलं, तोच गॅलरीतून वास आला. जावई हातातला घास तसाच धरून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. ठमी चांदीच्या वाटीतून सुरमई खात होती.

"आई," ते हळूच म्हणाले, "हल्ली मलाही जरा थकवा जाणवतो. टॉरिनच कमी असेल."

सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी दोन काप वाढले.

"माणसाच्या अंगात ते आपोआप तयार होतं, जावईबापू. डॉक्टरांना विचारून घेतलंय मी."