सहा जणांनी डब्लिन कसं पाहावं

डब्लिनला जायचं तर आधी सहा जण जमवावेत. त्यातला एक कामाचा असला तरी भागतं. हा कामाचा माणूस तिकिटं काढतो, हॉटेल बघतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाला काही प्रॉब्लेम?’ असं विचारतो. त्यावर बाकी पाच जणांनी अंगठा टाकायचा असतो. प्रॉब्लेम विमानात बसल्यावर सांगायचे.

व्हिसाचा धडा मात्र मन लावून वाचावा. आयर्लंड युरोपीय संघात आहे, तिथे युरो चालतो, पण तो देश शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे पॅरिस-रोम करून आलेला मित्र ‘आपल्याकडे शेंगेन आहे’ म्हणून निर्धास्त असेल, तर भारतीय पासपोर्टवर त्याचा काही उपयोग नाही, हे त्याला हळूच सांगावं. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याला ते पटवणं आणखी अवघड. त्याच्याकडे ब्रिटनमध्ये राहायचा परवाना असतो, डब्लिनचं विमान सव्वा तासाचं असतं, आणि तरीही आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं छापलेली असली तरच आधी ब्रिटनमध्ये उतरून त्याच व्हिसावर पुढे आयर्लंडला जाता येतं.

सामानात छत्री नको. मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच डब्लिनमध्ये वर्षभरात पडतो. पण तो वर्षभर पडतो, आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. टोपीचं जाकीट घ्यावं. ऊन पडलं म्हणून ते हॉटेलवर ठेवून येणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याला अडवू नये.

दुसरा एक जण असतो, त्याला मोहरचे कडे बघायचेच असतात. कडे खरोखर भव्य आहेत, 214 मीटरपर्यंत उंच, पण ते देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. बसने जायला तीन तासांहून जास्त, यायला तेवढेच. तीन दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस काचेतून मेंढ्या बघण्यात जातो. त्यापेक्षा डार्ट लोकलने अर्ध्या तासात हाउथला जावं. तिथेही कडे आहेत, समुद्र आहे, कड्यांवरून चालायची पायवाट आहे, बंदरात सील डोकी वर काढून बघतात. कडे बघितल्याचं समाधान त्याला मिळतं आणि संध्याकाळ आपल्याला मिळते.

शहरात चालावं. लिफी नदीच्या दोन्ही काठांचं मधलं शहर पायी सहज होतं. लिफीवरचा हापेनी पूल 1816 मधला. 1919 पर्यंत ओलांडणाऱ्याकडून अर्धा पेनी टोल घेत, म्हणून हे नाव. बसमध्ये चढायचं तर लीप कार्ड घ्यावं. ड्रायव्हर नोट घेत नाही आणि नाणी जास्त पडली तर सुटे परत देत नाही. आपल्या कंडक्टरशी सुट्यांवरून भांडून तयार झालेल्यांना इथे वाव नाही.

ओकॉनेल स्ट्रीटवर 120 मीटर उंचीची एक सुई उभी आहे. ती कशाची, असं विचारू नये. तिथे पूर्वी इंग्रज दर्यासारंग नेल्सनचा स्तंभ होता, तो 1966 मध्ये स्फोटाने उडवला. मग बरीच वर्षं काही नव्हतं आणि 2003 मध्ये ही सुई आली. हरवलेल्यांनी तिच्या पायथ्याशी भेटावं, याहून चांगला उपयोग मला तरी सापडलेला नाही. ट्रिनिटी कॉलेजात साधारण 800 सालचं ‘बुक ऑफ केल्स’ बघावं. तिथल्या प्रसिद्ध लाँग रूममधली सुमारे दोन लाख पुस्तकं संवर्धनासाठी हलवली आहेत, तेव्हा रिकाम्या फडताळांचे फोटो काढायची तयारी ठेवावी. चेस्टर बीटी संग्रहालय फुकट आहे आणि तिथे मुघल चित्रंही आहेत. एवढ्या कारणांवरही ग्रुप तिकडे वळत नाही. एकट्याने जावं.

किलमेनम तुरुंगाचं तिकीट आधी काढावं, ऐन वेळी मिळत नाही. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावाच्या चौदा नेत्यांना इथल्या अंगणात गोळ्या घातल्या. त्यांतला जेम्स कॉनली जखमी होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला खुर्चीला बांधून मारलं. इथे सेल्फी काढू नये, आणि पुढचे काही तास ग्रुपमधल्या विनोदी माणसालाही गप्प राहू द्यावं.

आता मुख्य धडा, पब. टेबलाशी बसून वेटरची वाट बघणाऱ्याला इथे तहानेने मरावं लागतं. काउंटरला जाऊन मागायचं असतं. गिनेस बिअर ओतणारा ग्लास पाऊण भरून बाजूला ठेवतो. तो तुम्हाला विसरलेला नसतो. ती खाली बसू द्यायची, मग वरचा भाग भरायचा. कंपनीच्या हिशेबाने सगळं मिळून 119.5 सेकंद. घाई फार वाटली तर आर्थर गिनेस आठवावा. त्याने 1759 मध्ये कारखान्याची जागा वर्षाला 45 पौंडांवर 9000 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती. आपल्याकडे पागडीची माणसंही एवढा पुढचा विचार करत नाहीत. शुद्ध शाकाहारी मित्राला सांगावं की गिनेस नितळ करायला पूर्वी माशाच्या हवेच्या पिशवीचा अंश वापरत, तो आता बंद झाला. सकाळच्या आयरिश नाश्त्याबद्दल मात्र गाफील राहू नये. काळ्या पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं, आणि पांढऱ्यात रक्त नसलं तरी डुक्कर असतंच.

पबचा खरा नियम राउंडचा. एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. सहा जण म्हणजे सहा राउंड, आणि पाइंट 568 मिलिलिटरचा. म्हणजे हिशोब चुकता होईपर्यंत प्रत्येकाच्या पोटात जवळजवळ साडेतीन लिटर. म्हणून सहांचे दोन गट करावेत, किंवा ‘ग्लास’ मागावा, तो अर्ध्या पाइंटचा असतो. आपली पाळी यायच्या आत ‘जरा झोप येतेय’ म्हणून उठणारा माणूस आयर्लंडमध्ये लक्षात ठेवतात. खर्च वाटायचं स्प्लिटवाइज ॲप काउंटरसमोर उघडू नये. कॉफीवाल्याने बिअर का वाटून घ्यायची, हा प्रश्न न्याय्य आहे, पण तो हॉटेलवर सोडवावा. टेंपल बार भागात एक फोटो काढावा आणि प्यायला दुसरीकडे जावं. तिथे गर्दी पर्यटकांची आणि दरही त्यांच्यासाठीच. स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबमध्ये वादक कोपऱ्यात बसून वाजवतात. कोणी एकट्याने गायला लागलं की बोलणं बंद. आपल्याकडच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसून फोनवर बोलणाऱ्यांना हे शिकवायला इथेच आणावं.

बारटेंडरने ‘भारतात कुठले?’ असं विचारलं, तर महाराष्ट्र सांगून थांबू नये. या देशाचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, आणि मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पदावर असताना 2019 च्या डिसेंबरात ते तिथे जाऊन आले. ग्रुपमध्ये कोणी सिंधुदुर्गचा असेल तर ही माहिती त्यालाच सांगू द्यावी. बाकीच्यांनी तोवर चिप्स संपवाव्यात.

परतताना एक ध्यानात ठेवावं : डब्लिनच्या विमानतळाला रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सीच करावी लागते. सहा जण आणि सहा बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत; मोठी गाडी आदल्या रात्री सांगून ठेवावी, आणि तिचे पैसे त्याच्याकडून घ्यावेत जो राउंडच्या आधी झोपायला गेला होता.