दातांचं दुखणं

करवत कापेनाशी झाली की मराठी माणूस जोर वाढवतो. त्याने घाम येतो, लाकूड करपल्याचा वास सुटतो आणि स्वयंपाकघरातून "अहो, दूध लागलं का बघा" अशी आज्ञा येते.

करपण्यामागे बहुधा दातांचंच दुखणं असतं. करवतीचे दात आळीपाळीने एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं चालतं. ही फाक मिटली की पातं लाकडात रुतून बसतं. एका बाजूचे दात जास्त वाकले, तर करवत त्याच बाजूला ओढ घेते. शेजारच्या काकांची करवत कायम उजवीकडे जाते. ते खापर लाकडाच्या रेषांवर फोडतात. त्यांच्या स्टुलावर बसलेला पाहुणा चहा संपेपर्यंत बाल्कनीकडे झुकलेला असतो.

धार लावणारा मिस्त्री आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून फिरवून उंच-बुटक्यांना एका रेषेत आणतो. मग तिकोनी कानस. पुढे जाताना घासायची, मागे येताना उचलायची. फाडणीच्या करवतीचे दात सरळ घासायचे, आडव्या कापाचे तिरपे. पातं दोन फळ्यांत नीट आवळलं नसेल, तर असा आवाज निघतो की गल्लीतल्या कवळीवाल्यांचेही दात शिवशिवतात.

पण खरी गंमत वखारीतल्या मोठ्या गोल पात्याची. त्याच्या वैद्याला सॉ डॉक्टर म्हणतात, आणि त्याचं मुख्य औषध हातोडी. जोरात फिरताना पात्याची कड ताणली जाते, वर तापून पसरते आणि जागा पुरली नाही की डुलू लागते. म्हणून हा गृहस्थ पातं ऐरणीवर ठेवून मधल्या भागाला बेताने ठोकतो, पट्टी टेकवून खालून येणारा उजेड बघतो, पुन्हा ठोकतो. मध्य किंचित ढिला झाला, की कड ताठ राहते. असं पातं उभं असताना मध्ये लचकतं, वेगात आलं की सरळ होतं. (आमच्या कचेरीतही मध्ये ढिले झालेले पुष्कळ आहेत, वेगात यायचं तेवढं राहिलंय.)

एवढं करून पातं चढवावं आणि ओंडका निघावा रस्त्याकडेचा! सागातली सिलिकाही धार खाते, पण हळूहळू, खानदानी रीतीने. रस्त्याकडेच्या झाडाच्या पोटात खिळे असतात. कधीकाळी कुणी क्लासची पाटी ठोकलेली असते. पाटी गळून पडते, खिळा गिळून झाड जाड होतं. मग ठिणग्या उडतात, दात तुटतात आणि तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या त्या अज्ञात गुरुजींना वखारवाला फाडफाड मराठी ऐकवतो.