शिकारीचा मसाला

"सातारकर, कॅरिबू मारायचा!" सांगलीकर मित्र फोनवर ओरडला. मला वाटलं, सांगलीत मिसळीचा नवा प्रकार निघाला असावा. आमच्या भागात मिसळही 'मारतात'.

पण कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रेनडियर. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल बघून गडी तज्ज्ञ झाला होता. नराला शिंगं, मादीलाही शिंगं. चालताना पायातल्या शिरा कटकट वाजतात. म्हणजे कळपात शिरलो असतो तर माझे गुडघे कुणाला वेगळे ओळखू आले नसते.

"अलास्काला जायचं, पण स्वस्तात." सांगलीकराची अट एवढीच.

ऊसबिलाच्या पावतीच्या पाठीवर हिशेब सुरू झाला. व्हिसाच्या नुसत्या अर्जाला माणशी 185 डॉलर. बंदूक आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत नाही. माझा नेम तर डस्टबिनलाही लागत नाही. त्यात अलास्कात परदेशी शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्या घ्यावाच लागतो. त्याचा आकडा मांडताना पाठ संपली, पावती उलटली आणि सांगलीकराची नजर टनेजवर पडली.

"दोन एकर ऊस एका हरणाला? त्यापेक्षा हरीण उसात सोडतो, खाईल किती खायचं ते!"

मग इथलंच हरीण? मी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. तुरुंगात राहणं-जेवणं फुकट, या मुद्द्यावर तो क्षणभर विचारात पडला, हे मी स्वतः पाहिलंय. शेवटी शिकार डोळ्यांनी करायची ठरली. कॅमेरा महाग, म्हणून मेहुण्याची दुर्बीण. तिची एकच बाजू दिसते, पण मेहुण्याकडून मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये.

राहिलं ठिकाण. मी कोयनेचं नाव घेतलं, त्यानं चांदोलीचं. आपापला जिल्हा सोडायला कुणी तयार नाही. "अरे, 1949 साली साताऱ्यातून तोडून तुम्हाला वेगळं केलं. 1960 पर्यंत तुमचं नाव दक्षिण सातारा होतं," मी सुनावलं. "म्हणूनच बदललं," तो म्हणाला. यावर उत्तर सुचलं नाही आणि त्याच्याच जिल्ह्यातलं सागरेश्वर नक्की झालं.

चैत्रातली पहाट. मी मोटारसायकलवरून कराडमार्गे, तो पॅसेंजरनं ताकारीला. माझ्या पिशवीत कंदी पेढे, त्याच्याकडे भडंग आणि फडक्यात बांधलेली एक जड बरणी. वाटेत देवराष्ट्रे लागलं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. इथून निघालेला पोरगा दिल्लीला पोचला, आमची झेप अलास्काहून ताकारीवर आली होती.

सागरेश्वरचं अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं. पण हे रान माणसानं उभं केलेलं आहे. उघड्या माळावर झाडं लावून, जनावरं आणून सोडून हे जमवण्यात धों. म. मोहित्यांचा मोठा वाटा. 1985 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. भोवती ऊस, द्राक्षं आणि कुंपण. काही हरणं कुंपण ओलांडून उसात जातात म्हणे. सांगलीकराची योजना त्यांना आधीच कळली असणार.

दोन तास चालूनही काही दिसेना. सांगलीकर दबक्या पावलानं चालायचा आणि त्याच्या खिशातली भडंगाची पुडी कुरकुरायची. मग पाणवठ्यापलीकडं वाळलेलं झुडूप हललं. झुडपाला डोळे होते. सांबर! भिजलेल्या तपकिरी घोंगडीसारखं अंग, मानेवर राठ केस, आणि डोक्यावर एकच शिंग. दुसरं गळून पडलेलं. पुढचा पाय उचलून ते आमच्याकडं बघत राहिलं. मी दुर्बिणीसाठी हात पुढं केला, तर सांगलीकर तिच्या बंद बाजूनं बघत होता. "कुठाय? कुठाय?" तो ओरडला आणि सांबर ढाँक करून गेलं.

परतताना मात्र त्याला पाचोळ्यात शिंग सापडलं. हातभर लांब, तीन टोकांचं, बुडाशी दाणेदार. "आजी असलंच सहाणेवर उगाळून छातीला लावायची," म्हणत त्यानं ते शर्टाखाली सरकवलं. टोक कॉलरमधून वर आलं. फाटकावर गार्डसाहेब शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुम्हाला शिंग फुटलंय."

शिंग म्हणजे सरकारी मालमत्ता. पडलेलं असलं तरी उचलायचं नसतं. सांगलीकरानं ते लेकरासारखं परत केलं. गार्डसाहेब भले, समज देऊन सोडलं.

देवळाजवळ सावलीत बसलो तेव्हा त्यानं बरणी उघडली. घरी 'शिकारीला चाललोय' एवढंच सांगून आला होता. आईनं विश्वासानं दोन किलो मटणाला पुरेल एवढं खोबरं, खसखस, लवंग भाजून काळा मसाला कुटून दिला होता. आम्ही तो भडंगावर घालून खाल्ला. वरून पेढा. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "शिकार कशी झाली रे?"

"झणझणीत, आई," तो नाक पुसत म्हणाला. "थोडं मीठ कमी होतं."